हायड्रोवर पाणी

आबा,

त्या दिवशी मिलमध्ये तुम्ही माझ्या हातावर चापट का मारलीत, ते मला या वर्षी कळलं. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. चापट बसली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, म्हणजे छत्तीसेक वर्षं मी ती हातावर घेऊन फिरते आहे. आई मारायची तेव्हा लाटणं, झाडू, जे हाती येईल ते, आणि तिचं एकही मारणं आज माझ्या लक्षात नाही. तुमचं मात्र ते एकच, आणि ते राहिलं.

लहानपणी मला वाटायचं, तुम्ही मिलमध्ये स्वयंपाक करता. आई शेजारणीला आपल्या धुळ्याच्या बोलीत सांगायची, 'ते किचनमधे शेत,' म्हणजे आहेत, आणि गुजरातमधल्या उधन्याच्या त्या एका खोलीत किचन म्हणजे स्टो आणि दोन डबे एवढंच मला ठाऊक होतं. मी चाळीतल्या मुलींना ऐटीत सांगायचे की मिलमधल्या सगळ्या माणसांची डाळ माझे आबा करतात. तुम्ही पाळीवरून आलात की मी आधी तुमची नखं बघायचे. कधी ती निळी असायची, कधी मेंदीसारखी, कधी गर्द जांभळी. मी विचारायचे, 'आज कसली भाजी केली?' आणि तुम्ही नखांकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणायचात, 'आज वांगानी.' आई पदर तोंडाला लावून हसायची. कलर किचन म्हणजे कापडावर छापायचा रंग जिथे कालवतात ती जागा, हे मला कोणी सांगितलंच नाही. ते कळलं तुम्ही मला तिथे घेऊन गेलात त्या दिवशी.

वीज नसल्यामुळे मिल बंद होती आणि तुम्हाला ड्रम धुवायला बोलावलं होतं. आई धुळ्याला मामाकडे गेली होती, म्हणून मला घरी ठेवायची सोय नव्हती. लांबलचक शेड, वर पत्रे, ओली फरशी, ढवळायच्या मोठमोठ्या रव्या, आणि रंग दाट करायला घालतात त्या गमचा आंबूस वास. डाळ कुठेच नव्हती. मला जरा फसवल्यासारखं वाटलं, पण रंग बघून ते लगेच विसरायलाही झालं. मी नळावर हात धुतले, कारण एका मगाला लागलेला पिवळा मला हवासा वाटला होता आणि तो बोटांना चिकटला होता. मग दाराआड एक ड्रम दिसला, झाकण लावलेला. बाकी सगळे उघडे आणि हा एकच झाकलेला, म्हणून मी झाकणाला हात घातला. ते सरकलं, आत पांढरी भुकटी, आणि तुम्ही कुठूनसे धावत आलात. फाट! तुम्ही काहीतरी ओरडलात. पाठोपाठ कलर मास्टर, म्हणजे तिथले रंगांचे मुख्य, आले आणि माझ्यासमोर तुमच्यावर ओरडले, पोरीला इथे कशाला आणली म्हणून. तुम्ही मान खाली घालून उभे होता. मी त्यातून माझा अर्थ लावला: मी शेठच्या मालाला हात लावला, मास्टर बघत होते, म्हणून तुम्ही मला मारलंत. त्यांना दाखवायला. हाच अर्थ मी इतकी वर्षं खरा धरून चालले.

आठवड्याभराने तुम्ही मला पीएच पेपरची एक छोटीशी वही आणून दिलीत. आगपेटीएवढी, अर्धी वापरलेली, मास्टरांनी टाकून दिलेली, आणि मागच्या बाजूला रंगांच्या पट्ट्या. तुम्ही लिंबू कापलंत आणि एक कागद त्यात बुडवलात. तो लाल झाला. साबणाच्या पाण्यात बुडवला, निळा झाला. 'आते तू कर,' म्हणालात आणि बाजूला बसलात. मी ताकात, चहात, डाळीत, बोअरच्या पाण्यात, एकदा तर डोळ्यांतल्या पाण्यात कागद बुडवले. शेवटचे चार कागद मी दोन वर्षं वापरले नाहीत. मी विज्ञान शिकवते ते त्या वहीमुळे, हे मी लोकांना सांगते. पण त्या वहीला मी मनात मात्र चापटीची भरपाई म्हणत आले.

आता या वर्षाचं सांगते. मी त्याच उधन्यात, मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. घर जवळच भेस्तानला घेतलंय. वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील मिलमध्ये किंवा लूम्सवर, आया घरी साड्यांना लेस आणि टिकल्या लावतात. मुलं माझ्याशी मराठी बोलतात, आपसात हिंदी, आणि भांडायला लागली की गुजराती. शाळेमागे खाडी आहे, तिला महिन्यातून दोनदा वेगळाच वास येतो. म्हणून आम्ही शिक्षकांनी ठरवलं की एक आठवडा मुलांना रसायनांपासून सांभाळून कसं राहायचं ते शिकवायचं. ते पुस्तकात नव्हतं. मला कागद तयार करायचा होता.

फोनमध्ये आता एक सोय आली आहे. तिला सगळे एआय म्हणतात. तिला मराठीत काहीही विचारा, ती क्षणात उत्तर लिहून देते. पलीकडे माणूस नसतो. माणसांनी लिहिलेलं अफाट काहीतरी तिला वाचायला घातलंय आणि त्यावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल ते ती जुळवते; मला समजलंय ते एवढंच. आम्हा शिक्षकांना तिचं प्रशिक्षणही झालं. शिकवायला आलेली मुलगी माझ्या निम्म्या वयाची होती, आणि ती म्हणाली, 'टीचर, तुमचे तासन्‌तास वाचतील.' खरंच वाचतात. तुम्ही असतात तर तिला पहिला प्रश्न काय विचारला असतात, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. बहुतेक तुम्ही काहीच विचारलं नसतं, दुसऱ्याला विचारताना नुसतं बघत बसला असतात.

मी तिला लिहिलं, कापडाच्या मिलजवळ राहणाऱ्या आठवीच्या मुलांसाठी सोप्या मराठीत सुरक्षेचा कागद बनव, त्यात कॉस्टिक, हायड्रो आणि ॲसिड यांचा उल्लेख असू दे. हायड्रो, रंग उडवायची ती पावडर, हा शब्द मीच घातला. तुमच्या तोंडून ऐकलेला होता, खरा वाटावा म्हणून घातला. अर्ध्या मिनिटात दोन पानं आली. इतकी नेटकी मराठी आमच्यातल्या कोणालाच लिहिता येत नाही, आणि मला वाटतं तिथेच माझी नजर सैल पडली. शुद्धलेखन चुकलेलं असतं तर मी ओळ न्‌ ओळ तपासली असती. सातव्या मुद्द्यात लिहिलं होतं, 'हायड्रोसारखी पावडर जमिनीवर सांडल्यास ती हवेत उडू नये म्हणून तिच्यावर हलकेच पाणी शिंपडा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या.' मी ते वाचलं. दोनदा वाचलं असेल. आणि मला ते पटलं, आबा, कारण अंगण झाडायच्या आधी आपण पाणी शिंपडतोच. बरोबरच आहे, असं म्हणून मी चार वर्गांना पुरतील इतक्या प्रती काढल्या, आणि कागद छान झालाय म्हणून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला. पंधरा-वीस अंगठे आले. दोघींनी 'सुंदर' लिहिलं.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक पालक प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. उजव्या हाताला पट्टी होती, चपला बाहेर काढलेल्या. मी त्यांना ओळखत नव्हते, पण त्यांची मुलगी ओळखीची होती, दुसऱ्या बाकावर बसणारी, वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी. मी खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत.

'बेन, राग नका मानू,' ते म्हणाले. 'मी शिकेल माणूस नाही. चूक माझीच असंल. पण ते कागदावर लिहिलंय ना, ते एकदा तुम्ही बघून घ्या.'

'कुठलं?'

'हायड्रोवर पाणी.'

मग त्यांनी झालं ते सांगितलं, अडखळत, कारण त्यात त्यांना स्वतःची एक चूक सांगावी लागत होती. मुलीच्या पांढऱ्या ओढणीला रंग लागला होता. तो उतरवायला त्यांनी मिलमधून दोन-तीन मुठी हायड्रो पिशवीत घालून घरी आणलं. पिशवी फाटली आणि पावडर मोरीजवळच्या गोणपाटावर सांडली. मुलगी तांब्या घेऊन आली. ते म्हणाले, पाणी नको. ती म्हणाली, टीचरनी लिहून दिलंय. ते पुन्हा नको म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, 'पप्पा, तुम्हाला जास्त माहीत का टीचरला?'

'यावर मी काय बोलणार?' ते मला म्हणाले. 'मलाही वाटलं, टीचरनी लिहिलंय, मग असंल काही. मी गप झालो, बेन. एक पळभर गप झालो.'

तेवढ्यात तिने पाणी शिंपडलं. पावडर तापली, उग्र वासाचा धूर आला आणि गोणपाट पेटलं. त्यांनी ते हाताने ओढत गल्लीत नेलं आणि समोर बांधकामाची रेती पडली होती ती ओतली. पोरीला काही झालं नाही. हात भाजला तो त्यांचा. 'पंधरा वर्षं कलर किचनमध्ये हेल्पर आहे, बेन. हायड्रो असंच आहे,' ते म्हणाले. 'कोरडं असलं तर गरीब. थोडं पाणी लागलं की पेटतं. आमच्या मिलमध्ये त्या ड्रमाला ओला हात लावला तर मास्टर कानाखाली देतो. वल्ला हात दिसला की दुरूनच ओरडतो.'

आबा, मी त्यांच्या पट्टीकडे बघत होते आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. तुम्ही त्या दिवशी ओरडलात तो शब्द. इतकी वर्षं तो मला नुसता ओरडण्याचा आवाज वाटत होता. तुम्ही म्हणाला होतात, 'वला हात!' मी नळावर नुकतीच हात धुऊन आले होते. बोटांतून पाणी ठिबकत होतं. मी झाकण सरकवलं होतं.

मी माझा हात उलटून बघत राहिले. त्या गृहस्थांना वाटलं मी कागदाच्या चुकीमुळे घाबरले, आणि तेच मला धीर द्यायला लागले. 'होतं बेन, लिहिताना चुकतं.' मी त्यांना सांगितलं की ते मी लिहिलेलंच नाही, फोनने लिहिलंय, मी फक्त वाचलं. त्यांनी विचारलं, 'फोनला कोणी सांगितलं?'

शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत एकटीच थांबले. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर उत्सुकताच जास्त होती. मी एआयला सरळ विचारलं, हायड्रो सांडल्यावर त्यावर पाणी शिंपडावं का? उत्तर आलं, मुळीच नाही, ओलाव्याने ते तापून पेट घेऊ शकतं, कोरडी वाळू वापरा, लांब राहा, मोठ्यांना बोलवा. म्हणजे तिला ठाऊक होतं! मग चार दिवसांपूर्वी उलट का लिहिलं? विचारलं. फार नम्रपणे माफी मागितली तिने, माझं लक्ष गेल्याबद्दल आभारही मानले. इथे मी थांबायला हवं होतं, पण मी नऊ वर्षांच्या पोरीसारखी आणखी एक कागद बुडवून बघितला. लिहिलं, 'पण माझे वडील बावीस वर्षं कलर किचनमध्ये होते आणि ते हायड्रोवर नेहमी पाणीच शिंपडायचे.' तर ती म्हणाली, तुमच्या वडिलांचा अनुभव फार मोलाचा आहे, काही परिस्थितींत अनुभवी कामगार असं करत असतील. मी बोट उचललं. तुमच्याबद्दल मी खोटं बोलले होते आणि तिने ते मानाने घरात घेतलं, पाट मांडून बसवलं. ती मला फसवत होती असं मला वाटत नाही. फसवायला आधी खरं काय त्याची चाड लागते. तिला फक्त समोरच्याशी जुळेल असं पुढचं वाक्य हवं होतं.

तुम्ही कधी असं जुळवून घेतलं नाहीत. दहावीला मी तुम्हाला हसले होते, आठवतं? तुम्ही 'आसिटीक' म्हणालात आणि मी शेजाऱ्यांसमोर तुम्हाला सुधारलं, 'आबा, ॲसेटिक म्हणतात.' तुम्ही चिडला नाहीत, लाजलाही नाहीत. 'नाव तुनं, काम मनं,' म्हणालात आणि तंबाखू मळत राहिलात. आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली की 'माले माहीत नही' म्हणून मोकळे व्हायचात. मला तेव्हा त्याची शरम वाटायची. मैत्रिणींच्या वडिलांना सगळं माहीत असायचं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मुख्याध्यापकांकडे गेले. इथे गुजरातीच्या सवयीने सगळे त्यांना आचार्य म्हणतात. माणूस वाईट नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंखा वाढवला आणि म्हणाले, 'कागद गोळा करा, नवा द्या. कारण सांगत बसू नका.'

'आणि ग्रुपवर टाकलाय तो?'

'तो काढून टाका.'

'तो आता निघत नाही, साहेब. आणि लोकांनी पुढे पाठवला असेल.'

'मग राहू द्या. कोण वाचतं?' मग आवाज खाली आणून ते म्हणाले, 'आणि त्या भाईचा विचार करा. मिलचा माल घरी नेला होता ना त्याने? गाजावाजा झाला तर नोकरी त्याची जाईल, तुमची नाही.'

यात त्यांचा धाक किती आणि काळजी किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण बोलणं खरं होतं, आणि त्यानेच मी दोन दिवस अडकले. त्या दोन दिवसांत मी कागद गोळा केले. सगळे मिळाले नाहीत. एकाचं विमान झालं होतं, एकावर कोणाच्या तरी आईने लेसचं माप लिहून ठेवलं होतं, आणि काही कुठे गेले ते मुलांनाही आठवेना. ज्या घरात तो कागद अजून कुठेतरी फडताळात आहे, तिथे एखाद्या दिवशी कोणी तांब्या उचलेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी मी ग्रुपवर लिहिलं. मी पाठवलेल्या कागदातला सातवा मुद्दा चुकीचा आणि धोक्याचा आहे, हायड्रोवर पाणी घालू नये, मी एआयकडून लिहून घेतलं आणि न पडताळता दिलं, चूक माझी. पालकांचं नाव नाही, मिलचं नाही, घरात काय घडलं तेही नाही. आधी जोडलेले हात आले. मग एका सरांनी विचारलं, 'टीचर, याला आधार काय?' मी लिहिलं, कलर किचनमध्ये पंधरा वर्षं काम केलेला माणूस. त्यांनी लिहिलं, 'तसा लेखी काही?' गंमत बघा, आबा. पहिल्या कागदाला कोणीच आधार मागितला नव्हता. मी रसायनांच्या पुस्तकातलं पान शोधून त्याचा फोटो टाकला, तेव्हा त्यांनी अंगठा दिला.

आणि मागच्या आठवड्यात तोच जुना कागद माझ्या फोनवर परत आला. दुसऱ्याच कुठल्या गटातून, वर वेगळ्याच शाळेचं नाव, खाली फुलांची चौकट. सातवा मुद्दा तस्साच. मी पाठवणाऱ्या बाईंना फोन केला. त्यांना कोणी पाठवला ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी बदलते म्हटलं. बदलला का, माहीत नाही.

पण मधे एक चांगली गोष्ट घडली, ती सांगते. मी त्या पालकांना वर्गात यायला सांगितलं. ते तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा त्यांच्या मुलीनेच त्यांना आणलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, हातावर भाजल्याची गुलाबी खूण. फळ्याजवळ उभे राहिले आणि खडू या हातातून त्या हातात करत राहिले. मुलं कुजबुजायला लागली. मग त्यांनी विचारलं, 'मिलमध्ये कोणाकोणाच्या घरचं जातं?' जवळजवळ सगळे हात वर आले. ते हात बघून त्यांना हुरूप आला असावा. ते सांगायला लागले: कुठला ड्रम कुठे ठेवतात, ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, डोळ्यात काही उडालं तर चोळायचं नाही आणि नळाखाली धरून किती वेळ थांबायचं, वाऱ्याकडून वास आला तर कुठल्या बाजूला पळायचं. मुलगी फळ्यावर मुद्दे लिहीत होती. मधेच थांबून तिने विचारलं, 'पप्पा, हायड्रो कसं लिहू?' ते म्हणाले, 'तुला येतं तसं लिही.' वर्ग हसला, तीही हसली. मला बरं वाटलं, कारण आठवडाभर ती वर्गात हात वर करत नव्हती.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, 'काका, मग मोबाईल खोटं बोलतो का?'

ते डोकं खाजवत म्हणाले, 'खोटं नाही बोलत. पण त्याने मिल कुठे पाहिलीय?'

दुसऱ्या दिवसापासून पोरं घरी जाऊन बापांना काय काय विचारायला लागली. एका मुलीने येऊन सांगितलं की तिच्या वडिलांना कापडाला नुसता हात लावून कळतं की ते किती धुतलंय. 'टीचर, मला माहीतच नव्हतं,' म्हणाली. मलाही नव्हतं. त्या दिवशी मिलमध्ये तुम्ही प्रत्येक ड्रमवर वाकून आधी वास का घेतलात, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. रव्या धुताना तुम्ही काहीतरी मोजत होतात, ते काय मोजत होतात? तुमच्या एका डोळ्याला निळा आणि जांभळा वेगळे दिसायचे नाहीत असं आई एकदा म्हणाली होती. ते खरं असेल तर तुम्ही काम कसं निभावलंत? हे सगळं मी एआयला विचारू शकते, आणि ती प्रत्येकाचं सुरेख उत्तर देईल.

आता शेवटचं. वर्ग संपल्यावर त्या पालकांना घेऊन मी शाळेबाहेरच्या गाडीवर चहा प्यायला गेले. ते मोकळे झाले होते, खुशीत होते. त्यांनी विचारलं, 'बेन, तुमचे वडील पण लाईनमध्येच होते ना?'

'हो, कलर किचनमध्ये.'

'काय होते?'

'मास्टर होते,' मी म्हणाले.

विचार करून म्हणाले नाही. वाक्य आपोआप पुरं झालं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि हात जोडले. 'मास्टर! मग तर तुमच्या घरातच विद्या होती.' मी मान डोलवली. बावीस वर्षं तुम्ही हेल्पर होता. निघालात तेव्हाही हेल्परच. मास्टर तुमच्यावर माझ्यासमोर ओरडले होते, आणि मी तुम्हाला त्यांच्या जागी नेऊन बसवलं, एका हेल्परसमोर, ज्याने आत्ताच माझ्या वर्गाला शिकवलं होतं.

त्यानंतर ते मला दोनदा भेटले. ते इतर पालकांना सांगतात, टीचरचे वडील मास्टर होते. परवा पालकसभेत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, कुठल्या मिलचे मास्टर? मी मिलचं नाव सांगितलं. हे पत्र खरं म्हणजे पाठवायचं तर त्या मुलीच्या वडिलांनाच पाठवायला हवं, तुम्हाला नाही. ते मी अजून केलेलं नाही.